परतीच्या वळणावरचा शॉर्ट

मे महिन्यातील दुपार. जरीपटक्यातील एका जुन्या घराच्या गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत आजोबा आणि नातू एका प्लायवुडच्या फळीवर ओणवे झाले होते. फळीवर रंगवलेला भुसा चिकटवून केलेले रान, पुठ्ठ्याचे स्टेशन, आणि त्यातून गेलेली १६.५ मिलिमीटर रुंदीची लोहमार्गाची जोडी. गाडी ‘इतवारी’ स्टेशनातून निघाली, सरळ मार्ग ओलांडून पलीकडच्या टोकाच्या वाटोळ्या वळणात शिरली. नातवाने दिशा बदलणाऱ्या स्विचवर बोट ठेवले, खटका पडला आणि त्याच क्षणी गाडी जागच्या जागी थबकली. वीजपुरवठ्याच्या डब्यावरचा लाल दिवा लागला. तापलेल्या तारेचा वास खोलीभर पसरला.

“पुन्हा घाई केलीस,” आजोबा म्हणाले.

“नाही आजोबा. गाडी पूर्ण आत गेल्यावरच दाबला.”

“मग शॉर्ट झाला कसा? सकाळी मी चालवली तेव्हा दहा फेऱ्या बिनतक्रार झाल्या. तुझा हात लागला की बंद पडते. आठवडाभर हेच चालले आहे.”

तेरा वर्षांचा तो मुलगा काही बोलला नाही. हातातला डबा त्याने हळूच रुळांवर ठेवला आणि जिना उतरून गेला. त्यानंतर आठ दिवस तो गच्चीवर फिरकला नाही. जूनमध्ये तो शिक्षणासाठी परगावच्या वसतिगृहात जाणार होता. हाती उरले होते जेमतेम तीन आठवडे.

या घराचा आणि रेल्वेचा तसा संबंध नाही. आजोबांनी जरीपटक्याच्या बाजारात चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालवले. जरीपटका हे नाव मराठ्यांच्या जरीच्या ध्वजाचे. परंतु नागपूरच्या उत्तरेकडील ही वस्ती वाढली ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या कष्टाने. त्या गजबजलेल्या बाजारपेठेपासून थोड्याच अंतरावर, कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत, अरुंद रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते २००२ साली सुरू झाले. दोन फूट सहा इंच रुंदीच्या रुळांवरून नागपूर–छिंदवाडा आणि नागपूर–नागभीड या मार्गांवर ज्या गाड्या धावल्या, त्यांची स्मृती तिथे जपली आहे. त्या छोट्या गाड्या आता बंद झाल्या. आजोबांनी तरुणपणी कापडाचे गठ्ठे घेऊन उमरेडपर्यंतचा प्रवास त्याच गाडीने अनेकदा केला होता. नातवाला संग्रहालय दाखवताना त्या आठवणी निघाल्या, आणि पुढे पुण्याला एका लग्नानिमित्त जाणे झाले तेव्हा कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहण्यात आले. भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. एका दालनात सगळे शहर वसवलेले, आणि त्यातून सिग्नल पाळत धावणाऱ्या गाड्या. मुलगा तिथून हलेना.

दिवाळीच्या सुटीत फळी आली. आठ फूट बाय चार फूट. एका टोकाला ‘इतवारी’, मधल्या थांब्याला ‘उमरेड’, आणि पलीकडे गाडी वळून परत येण्यासाठी एक लूप. मराठीत त्याला परतीचे वळण म्हणता येईल. गाडी ज्या मार्गाने जाते त्याच मार्गाने तोंड फिरवून परत येते; इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडण्याची खटपट नको. खऱ्या रेल्वेतही ही युक्ती जुनीच. औष्णिक वीज केंद्रांत कोळसा रिकामा करणाऱ्या मालगाड्यांसाठी असे वाटोळे मार्ग टाकलेले असतात. गाडी न थांबता फिरते, रिकामी होते आणि खाणीकडे परतते.

परंतु जे खऱ्या रेल्वेला सहज साधते तेच टेबलावरच्या रेल्वेत घोटाळ्याचे मूळ ठरते, आणि त्याचे कारण विजेच्या वाटेत आहे. आपल्या विद्युत इंजिनाला २५,००० व्होल्टची वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते आणि रुळांवाटे ती परत जाते. त्यामुळे डावा रूळ कोणता आणि उजवा कोणता याच्याशी इंजिनाला कर्तव्य नसते. छोट्या गाडीला वरची तार नसते. तिची १२ व्होल्टची वीज रुळांतूनच येते आणि रुळांतूनच जाते. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाके ती वीज उचलून मोटारीला देतात. धन-ऋणाची अदलाबदल केली की गाडी उलट दिशेने धावते.

व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर एक रूळ जमेचा आणि दुसरा नाव्याचा. दोन्ही बाजू शेवटपर्यंत एकमेकींना न शिवता चालल्या पाहिजेत. आता कागदाची एक लांब पट्टी घ्यावी, तिची डावी कड लाल आणि उजवी कड निळी रंगवावी, आणि ती पट्टी टेबलावर सपाट ठेवूनच वळवत वळवत तिच्याच मधल्या भागाला आणून टेकवावी. वळून आलेली लाल कड मूळच्या निळ्या कडेला भिडते. परतीच्या वळणात नेमके हेच होते. फिरून आलेला जमेचा रूळ नाव्याच्या रुळाला जाऊन मिळतो. मार्गावर एकही गाडी नसताना, कोणाचा हात लागलेला नसताना, केवळ त्या मार्गाच्या आकारामुळे शॉर्ट होतो. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने आपल्या गाड्यांसाठी मधोमध तिसरा संपर्क ठेवला आणि दोन्ही बाजूंचे रूळ एकाच ध्रुवाचे केले. त्या पद्धतीत ही अडचण उद्भवतच नाही. दोन रुळांच्या पद्धतीत मात्र तिच्याशी गाठ पडतेच.

उपाय ठरलेला आहे. वळणाचा भाग बाकीच्या मार्गापासून तोडून वेगळा करायचा. त्यासाठी वळणाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ कापायचे, म्हणजे एकूण चार फटी. ही चारही कामे झालीच पाहिजेत. पुष्कळ जण एकाच रुळाला फट पाडून मोकळे होतात आणि मग महिनोन्महिने तारा तपासत बसतात. तोडलेला भाग गाडीच्या पूर्ण लांबीपेक्षा मोठा हवा, नाहीतर इंजिन एका फटीवर आणि शेवटचा डबा दुसऱ्या फटीवर एकाच वेळी आला तर धातूची चाके दोन्ही तोंडे एकदम जोडून टाकतात. मग त्या तुटक भागाला स्वतंत्र तारांनी वीज द्यायची. गाडी वळणात शिरताना तिथली धन-ऋण बाजू प्रवेशाच्या तोंडाशी जुळलेली असते. गाडी संपूर्ण आत आली, की बाहेरच्या मुख्य मार्गाची धन-ऋण बाजू स्विचने उलटवायची. आतली वीज बदलत नाही, म्हणून गाडी त्याच दिशेने चालत राहते. आणि ती बाहेर पडण्याच्या तोंडाशी पोहोचते तेव्हा बाहेरचा मार्ग तिच्याशी जुळलेला असतो. हल्लीच्या संगणकीय पद्धतीत गाडीची दिशा रुळांच्या ध्रुवावर अवलंबून नसते, त्यामुळे हे काम एक छोटे यंत्र आपोआप करते. शॉर्ट जाणवताच ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत बाजू बदलते. ते यंत्र महाग. आजोबांनी सहा टोकांचे साधे दुहेरी स्विच वापरले, आणि समजून घेण्याच्या दृष्टीने तेच चांगले.

जानेवारीत सगळे पूर्ण झाले. आजोबांचा हात काटेकोर. रुळांचे सांधे सैल राहून वीज अडू नये म्हणून त्यांनी वळणावरचा प्रत्येक जोड सोल्डरने पक्का केला. चार फटी बारीक करवतीने पाडल्या, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या; दिसायला बऱ्या दिसाव्यात म्हणून. वरून गंजाचा रंग दिला. होळीपर्यंत गाडी इतकी सुरेख फिरली की शेजारपाजारची मुले जिन्यावर रांग लावू लागली.

आणि मेमध्ये हा प्रकार.

आजोबांनी दुकानातला एक न वापरलेला रोजमेळ या रेल्वेसाठी काढला होता. कोणती तार कुठे जोडली, कोणत्या दिवशी काय केले, सगळे त्यात तारीखवार. त्या दुपारी त्यांनी नोंद केली: ‘वळणात शॉर्ट. कारण: स्विच वेळेआधी दाबला. चि. नातू.’

संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला सगळे बसले, तेव्हा मुलगा आधीच जेवून उठला होता. आजींनी ताट वाढता वाढता एवढेच म्हटले, “दुकानात हिशोब जुळला नाही की तुम्ही असेच पहिल्यांदा पोराकडे बघायचात.”

त्या वाक्यामागे एक जुना प्रसंग होता. दुकानात एकदा कापडाच्या मोजणीत तूट आली आणि हाताखालच्या मुलाला कामावरून जावे लागले. दोन महिन्यांनी तूट सापडली ती बेरजेत. हातचा एक धरायचा राहिला होता. तोवर तो मुलगा गाव सोडून गेला होता.

बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलेल्यांनाही ‘शॉर्ट’ या शब्दाची धास्ती ठाऊक असते. दिवसअखेर रोकड शॉर्ट आली की सर्वांच्या नजरा आधी रोखपालाकडे वळतात. तूट अनेकदा व्हाउचरातल्या उलटसुलट आकड्यांत असते, पण व्हाउचर बोलत नाही आणि रोखपाल समोर उभा असतो. माणसाचा दोष शोधायला वेळ लागत नाही, हीच त्यातली मोठी अडचण.

आजोबांनी दुसऱ्या दिवसापासून तारा तपासायला घेतल्या. स्विच बदलला. पुरवठ्याचा डबा दुसरा आणला. वळणाच्या तोंडाशी असलेला सांधा, म्हणजे जिथे एका मार्गाचे दोन होतात तो भाग, उचलून पाहिला. त्याचा मधला तुकडा प्लास्टिकचा असल्याने तिथे शंकेला जागा नव्हती. सकाळी सात वाजता गाडी चालवून बघावी तर निर्दोष. त्यामुळे त्यांचे मत अधिकच पक्के होत गेले.

तोडगा सुचवला तो इंदोऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. दुकानाचे जुने गिऱ्हाईक. ते वर आले, रोजमेळ चाळला, आणि बराच वेळ काही न बोलता पाने मागेपुढे करत राहिले.

“शेठजी, तुम्ही गाडी कधी चालवता?”

“सकाळी. उन्हाच्या आधी.”

“आणि पोरगं?”

“सकाळी त्याचा पोहण्याचा वर्ग असतो. तो दुपारीच येतो वर.”

“म्हणजे पोराने सकाळी चालवलेली नाही आणि तुम्ही दुपारी चालवलेली नाही. मग दोष हाताचा की वेळेचा, हे या वहीवरून कसं ठरवलं तुम्ही?”

आजोबांकडे उत्तर नव्हते.

त्याच दिवशी दुपारी तीनला, खोलीतल्या उष्णतामापकात ४६ अंश असताना, आजोबांनी स्वतः गाडी चालवली. गाडी आत शिरली. पूर्ण आत आल्याची खात्री करून त्यांनी स्विच दाबला. लाल दिवा लागला.

यापुढची तपासणी कशी झाली हे थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल, कारण असा छंद असलेल्या कोणाच्याही घरी ती उपयोगी पडेल. सिग्नलवाल्या काकांनी सर्वप्रथम पुरवठा बंद करून सारी गाडी रुळांवरून उचलायला लावली. गाडी नसतानाही शॉर्ट राहिला तर दोष मार्गात किंवा तारांत. नाहीसा झाला तर दोष चाकांत. शॉर्ट राहिला. मग त्यांनी स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा एक दिवा मागवला आणि पुरवठ्याहून निघणाऱ्या एका तारेत तो मध्ये जोडला. ही जुन्या कारागिरांची युक्ती आहे. शॉर्ट झाला की सगळी वीज दिव्यातून जाते आणि तो भगभगीत पेटतो. तारा तापत नाहीत, डबा जळत नाही, आणि दिव्याकडे पाहत पाहत दोष शांतपणे शोधता येतो. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही हे खरे, परंतु शॉर्टमधून वाहणारा प्रवाह प्लास्टिक वितळवण्याइतकी उष्णता निर्माण करू शकतो. पुरवठ्याच्या डब्याची भिंतीकडची २३० व्होल्टची बाजू तर मुलांनी उघडूच नये.

स्विच एका बाजूला असताना दिवा विझलेला. दुसऱ्या बाजूला करताच पेटलेला. आजोबांना यात स्विचचाच दोष दिसत होता. काकांनी कागदावर चार फटी काढल्या.

“चारपैकी एकच फट मिटली आहे असं धरा. प्रवेशाच्या तोंडाची. गाडी आत येताना दोन्हीकडे वीज सारखीच असते, तेव्हा ती फट असली काय, नसली काय, सारखंच. स्विच फिरवला की बाहेरची बाजू उलटी होते, आणि मिटलेल्या फटीतून जमा-नावे एकमेकांना भिडतात. आता गाडी उलट्या अंगाने फिरवायची अशी जोडणी करून बघा. बाहेर पडायच्या तोंडाने आत, आणि इथून बाहेर.”

तशी जोडणी केली. स्विच फिरवण्याआधीच, गाडी रुळांवर ठेवण्याच्याही आधी, दिवा लख्ख पेटला. दोष कोणत्या तोंडाशी आहे हे कळले.

मग वळणाच्या तारा आणि पुरवठा दोन्ही सोडवून मल्टिमीटरचे टोक फटीच्या अलीकडे-पलीकडे लावले. तीन फटींवर मीटर मुका. प्रवेशाच्या तोंडाच्या डाव्या रुळावर तो वाजला. आणि गंमत अशी की भिंगातून पाहिले तरी फट तिथे दिसत होती. काकांनी पतंगाच्या कागदाची पट्टी तीत सरकवली. पट्टी वरच्या अर्ध्या भागात गेली आणि खाली अडली. करवत किंचित तिरपी चालली होती. रुळाचे माथे वेगळे होते, पण बुडाशी, जिथे गंजाचा रंग बसला होता, दोन तुकडे एकमेकांना टेकले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तेच मीटर त्याच जागी लावले. मुके. खोलीत ३१ अंश होते. दुपारी कूलर दोन तास चालवून पाहिला, तर तीन वाजताही फट मोकळी राहिली.

हिशोब साधा आहे. या छोट्या रुळांचा धातू म्हणजे निकेल-सिल्व्हर, तांबे-जस्त-निकेलचा मिश्रधातू. एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाने तापला की मिलिमीटरच्या सुमारे साठाव्या भागाइतका वाढतो. हे काहीच नव्हे. परंतु वळणावरचा रूळ तीन मीटरच्या आसपास होता आणि सगळे जोड सोल्डर केल्याने तो एकसंध झाला होता. पसरायला वाट होती ती दोन टोकांच्या फटींकडेच. पहाटेपासून दुपारपर्यंत १५ अंशांचा फरक धरला तरी पाऊण मिलिमीटर वाढ होते. त्यात विदर्भातला उन्हाळा हाडे कोरडी करणारा. प्लायवुडही सुकून आकसते आणि फट आणखी आवळली जाते. जानेवारीच्या थंडीत पाडलेली अर्ध्या मिलिमीटरची तिरपी फट मेच्या दुपारी टिकण्याचे कारणच नव्हते. काटेकोरपणे केलेले पक्के जोड आणि देखणेपणासाठी ठेवलेली बारीक फट, या आजोबांच्याच दोन गुणांनी मिळून तो दोष निर्माण केला होता.

खऱ्या लोहमार्गावर काकांनी हेच आयुष्यभर सांभाळले होते. १३ मीटरचा पोलादी रूळ ३० अंशांनी तापला तर साडेचार मिलिमीटरच्या जवळपास वाढतो. पूर्वीच्या मार्गांवर म्हणूनच फटी असत आणि गाडीचा तो ठेका त्या फटींतून उमटे. आता लांबच लांब जोडलेले रूळ असतात आणि उन्हाळ्यात त्यांवर खास गस्त घालावी लागते. सिग्नलच्या कामातही रूळ विजेच्या दृष्टीने तोडावे लागतात. दोन रुळांत अगदी थोड्या व्होल्टची वीज एका टोकाने सोडतात. दुसऱ्या टोकाला एक रिले असतो. मार्ग रिकामा असला की वीज रिलेपर्यंत पोहोचते. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. रूळ तुटला, तार निखळली, तरीही सिग्नल लालच होतो. म्हणजे टेबलावर ज्या शॉर्टच्या नावाने घरात अबोला पडला, तोच शॉर्ट खऱ्या रेल्वेत रोज लाखो प्रवाशांचे रक्षण करतो. त्या तुकड्यांच्या मधली फट नुसती मोकळी ठेवत नाहीत. तिच्यात रुळाच्याच आकाराचा अवाहक तुकडा बसवून, बाजूच्या पट्ट्यांसह सारे काही गोंदाने जखडतात.

“फट मोकळी ठेवली की ती कधीतरी मिटणारच,” काका म्हणाले. “तिच्यात काहीतरी भरून ठेवा, जे वीज नेत नाही.”

भरायला काय घ्यावे याचे उत्तर आजोबांच्या कपाटात निघाले. मुदत संपलेले एक एटीएम कार्ड. जगभर अशा कार्डांची जाडी ०.७६ मिलिमीटर ठरलेली असते. फटी एक मिलिमीटरपर्यंत रुंद करायच्या, कार्डाचे तुकडे अॅराल्डाइट लावून त्यांत उभे बसवायचे, दुसऱ्या दिवशी रुळाच्या आकाराप्रमाणे बारीक कानशीने घासायचे. वळणाच्या मध्यावरचे दोन जोड सोल्डरमधून मोकळे करून तिथे तारांचे छोटे पूल टाकायचे, म्हणजे धातूला पसरायला जागा राहते आणि वीजही अडत नाही.

काका चहा न घेताच निघाले. पायरीवरून मागे वळून त्यांनी विचारले, “पोराला सांगितलं का?”

ते सांगणे सोपे नव्हते. सत्तरीच्या माणसाने तेरा वर्षांच्या मुलापुढे चूक कबूल करण्याची रीत आपल्या घरांत फारशी नाही. वर्षातून एकदा क्षमावाणीच्या दिवशी सगळे सगळ्यांची क्षमा मागतात, आणि ती इतकी सर्वांची असते की कोणा एकाची राहत नाही. आजोबा रात्री उशिरापर्यंत खाली दिवाणखान्यात बसून होते. सकाळी त्यांनी रोजमेळ घेतला आणि नातवाच्या खोलीत गेले. मुलगा पोहायला जाण्याच्या तयारीत होता.

वहीत चूक झाली तर पान फाडायचे नाही आणि खाडाखोडही करायची नाही, हा व्यापाऱ्याचा दंडक. चुकीची नोंद तशीच ठेवून तिच्या विरुद्ध उलट नोंद घालायची, दोन्ही तारखांचा उल्लेख करून. आजोबांनी तसेच केले होते. जुन्या पानावर ‘चि. नातू’ हे शब्द तसेच होते. नव्या पानावर लिहिले होते: ‘वर दिलेली नोंद रद्द. स्विच योग्य वेळी दाबला होता. फट मिटली होती, ती आम्ही बारीक व तिरपी कापली होती. दोष आमचा. मुलाला विनाकारण बोललो.’ खाली सही.

मुलाने ते दोनदा वाचले. “आजोबा, तिरपी कशी कळली?”

“पतंगाच्या कागदाने.”

“मला दाखवा ना.”

“तुझा पोहण्याचा वर्ग?”

“आजचा दिवस राहू द्या.”

फटी मुलानेच रुंद केल्या. चौथ्या फटीला त्याची करवत घसरली आणि रुळाला ओरखडा पडला. आजोबा काही बोलले नाहीत. कार्डाचे तुकडे कापताना त्यावरचे चकाकणारे चित्र एका फटीत आले आणि ते तसेच ठेवावे असा मुलाचा आग्रह होता, परंतु ते पातळ धातूच्या पापुद्र्याचे असेल आणि वीज नेईल, अशी आजोबांना शंका आली. मल्टिमीटरने पाहिले, काहीच कळेना, तेव्हा दोघांनी मिळून साधा पांढरा तुकडा पसंत केला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पारा चढलेलाच होता. दुपारी तीन वाजता, कूलर मुद्दाम बंद ठेवून, स्कूटरचा दिवा मध्ये जोडलेला असतानाच, मुलाने ‘इतवारी’हून गाडी सोडली. आजोबा स्विचपासून चार हात दूर, दाराशी उभे होते. गाडी ‘उमरेड’ला न थांबता गेली, वळणात शिरली, शेवटचा डबा फट ओलांडून आत आला. खटका पडला. दिवा पेटला नाही.

रोजमेळातली पुढची नोंद मुलाच्या अक्षरात आहे. तारीख, वेळ ३.१०, तापमान ४५, फेऱ्या २२, शॉर्ट ०. त्यापुढच्या नोंदी जूनपासून पुन्हा आजोबांच्या अक्षरात, पण दर रविवारच्या. वसतिगृहातून फोन येतो तेव्हा मुलगा आधी तापमान विचारतो.